ठाणे-नवी मुंबईच्या घरात भाजीची बाग: पहिल्या हंगामासाठी मार्गदर्शक

घरी भाजी लावायचे ठरले की बहुतेक जण आधी नर्सरी गाठतात. घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या रोपवाटिकेतून टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी अशी चार-सहा रोपे, दोन देखण्या कुंड्या आणि तयार मातीची एक गोणी घरी येते. महिन्याभरात रोपे उंच आणि लुळी होतात, फूल धरत नाही आणि आपल्या घरात भाजी होतच नाही असे ठरवून रिकाम्या कुंड्या माळ्यावर जातात. प्रत्यक्षात, जेथे रोज तीन तासच ऊन येते तेथे सहा तास उन्हाची भाजी लावलेली असते किंवा दसऱ्यानंतर पेरायचे बी ऐन आषाढात पेरलेले असते.

ठाण्यात आधी गॅलरीत आणि नंतर सोसायटीच्या गच्चीवर मी भाज्या घेत आले आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट आग्रहाने सांगते: कोणती भाजी आवडते हा प्रश्न नंतरचा आहे, आपल्या घरातले ऊन आणि चालू असलेला महिना कोणती भाजी होऊ देतील, हा पहिला. म्हणूनच या लेखात बियाण्यापर्यंत पोहोचायला पाचवी पायरी उजाडते.

१. सर्वांत आधी ऊन मोजा

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते सायंकाळी सहा या वेळात दर तासाला गॅलरीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा गच्चीवर जाऊन थेट ऊन नेमके कोठे पडते ते पाहावे आणि त्याची कड खडूने आखून शेजारी वेळ लिहावी. उजेड आणि ऊन यांत गल्लत करू नये. जमिनीपासून वीतभर उंचीवर हात धरल्यावर बोटांची सावली ठळक काठाची पडत असेल तर ते ऊन. सावली पुसट असेल किंवा पडतच नसेल तर तो केवळ उजेड. समोर उंच इमारत असेल तर पूर्वेच्या गॅलरीतही ऊन साडेनऊ-दहाला येते आणि अकराला निघून जाते, म्हणून फक्त दिशा पाहून अंदाज बांधणे धोक्याचे असते.

एकदा मोजलेले ऊन वर्षभर तसेच राहत नाही, ही बाब फारशी कोणी सांगत नाही. ठाणे आणि नवी मुंबई उत्तर अक्षांश १९ अंशांच्या आसपास आहेत. हिवाळ्यात भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट घराच्या भिंतीपर्यंत आत शिरते. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली तीच गॅलरी झाकून टाकते. दक्षिणेची गॅलरी हिवाळी पालेभाज्यांना आणि टोमॅटोला उत्तम, पण मे महिन्यात तिच्यावर भरवसा ठेवू नये, ते यामुळे. उत्तरेच्या गॅलरीत याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते, एरवी केवळ उजेड असतो. पश्चिमेला मार्च ते मे या महिन्यांत दुपारी दोननंतर ऊन आणि तापलेली भिंत दोन्ही बाजूंनी रोप भाजून काढतात. तेथे ५० टक्के सावली देणारी शेडनेट लागतेच. डिसेंबरमध्ये आणि मेच्या अखेरीस असे दोनदा ऊन मोजले म्हणजे वर्षाचे चित्र हाती येते.

मोजलेल्या तासांवरून निवड अशी करावी. रोज सहा तास किंवा त्याहून अधिक थेट ऊन असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलभाज्या घेता येतात. तीन ते चार तास असेल तर मेथी, पालक, माठ, कोथिंबीर आणि पाल्यापुरता मुळा. दोन तास किंवा फक्त भरपूर उजेड असेल तर अळू, पुदिना आणि ओव्याची पाने. मायाळूचा वेल यांच्या मधोमध बसतो. आपली दमट हवा त्याला मानवते, अर्ध्या उन्हातही तो पाने देत राहतो आणि एकदा लागला की अनेक महिने टिकतो. मायाळूच्या भजीची चव ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तर पहिली कुंडी त्याचीच लावावी.

२. जागा, वजन आणि परवानगी

१२ इंच व्यासाच्या आणि तितक्याच उंचीच्या ग्रो बॅगेत, म्हणजे रोपे लावायच्या जाड पिशवीत, सुमारे २० लिटर माती-खताचे मिश्रण मावते आणि पाणी दिल्यानंतर तिचे वजन २० ते २५ किलोपर्यंत जाते. १५ इंची बॅगेत सुमारे ४० लिटर मावते. बॅग तीनच इंचांनी वाढली तरी वजन दुप्पट होते, हे खरेदी करताना ध्यानात राहत नाही. बहुतेक गॅलऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या स्लॅबवर असतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला ओळीने जड कुंड्या मांडू नयेत; मोठ्या बॅगा घराच्या भिंतीलगत ठेवाव्यात आणि कठड्याच्या बाजूला, आतून, पालेभाज्यांचे हलके पसरट ट्रे ठेवावेत. कठड्यावर किंवा खिडकीच्या छज्ज्यावर सुटी कुंडी कधीही ठेवू नये. खाडीवरून येणारा वारा वरच्या मजल्यांवर जोरात असतो आणि खाली माणसे चालत असतात.

गच्ची ही सोसायटीची सामाईक जागा असते. वरचा मजला तुमचा असला तरी तेथे बाग करण्यासाठी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी हवी. तोंडी होकारावर सुरुवात केली आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या घरात ओल आली की पहिले बोट बागेकडेच जाते. अर्जासोबत पुढील कागद जोडावेत:

- गच्चीचा साधा नकाशा: कुंड्या कोठे येणार, पाण्याची पन्हाळी आणि जाण्यायेण्याची वाट कोठून मोकळी राहणार.
- कुंड्यांची संख्या आणि भिजल्यानंतरचे अंदाजे एकूण वजन.
- गच्चीचे वॉटरप्रूफिंग शेवटचे केव्हा झाले याची सोसायटीच्या दप्तरातील नोंद.
- इमारत जुनी असेल किंवा कुंड्या बऱ्याच असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत.
- भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचे संमतिपत्र.
- पन्हाळीची जाळी नियमित साफ करण्याची आणि गळती झाल्यास कुंड्या हलवण्याची हमी.

परवानगी मिळाली तरी बॅगा थेट लादीवर ठेवू नयेत. विटा किंवा प्लास्टिकच्या स्टँडवर त्या दोन-तीन इंच उचललेल्या असाव्यात, म्हणजे खालची लादी वाळते, झाडलोट होते आणि मुळे सांध्यात शिरत नाहीत.

३. साहित्य

पहिल्या हंगामाला एवढे पुरेसे आहे. याहून जास्त घेऊ नये.

- १२ इंची ग्रो बॅगा ४ आणि ६ ते ८ इंच खोल पसरट ट्रे २. तळाला भोके असलेलेच.
- खुरपे, बारीक छिद्रांची झारी, एक लिटरचा हात-फवारा.
- सुतळी, बांबूच्या चार-पाच फूट काठ्या.
- माती चाळायला जाड चाळणी आणि एक जुनी बादली.
- कबुतरांसाठी नायलॉनची जाळी.
- तारखा लिहायला वही.

४. माती: येथे घाई करू नये

आपल्याकडे 'लाल माती' म्हणून गोणीत मिळणारा माल सारखा नसतो. जांभ्याची खरी लाल माती कामाची असते. पण कित्येकदा इमारतीच्या पायातून निघालेला मुरूम, बांधकामाचा राडारोडा आणि चिकणमाती यांचेच मिश्रण गोणीत भरलेले असते. घरी आणल्यावर मूठभर माती चाळावी आणि चाळणीवर उरलेल्या पांढुरक्या खड्यांवर लिंबाचा रस पिळावा. फेस आला तर ते सिमेंट किंवा चुन्याचे तुकडे आहेत. अशा मातीने मिश्रण अल्कधर्मी होते आणि पाने पिवळी पडू लागतात. ती गोणी भाजीसाठी वापरू नये.

नुसती माती कुंडीत घट्ट बसते, म्हणून तिला भुसभुशीतपणा देणारी आणि पोसणारी अशा दोन गोष्टी मिसळाव्या लागतात. २० लिटरच्या एका बॅगेसाठी ८ लिटर चाळलेली माती, ६ लिटर भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ६ लिटर चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड असे प्रमाण ठेवावे. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर सुमारे ७० लिटरपर्यंत फुलते, त्यामुळे अशी एकच वीट चार बॅगांना पुरून उरते. ती वापरण्यापूर्वी दोन-तीन वेळा भरपूर पाण्यात धुऊन पिळून घ्यावी, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि ते राहिले तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

शेणखताच्या बाबतीत खात्री नाकाने करावी. पुरते कुजलेले खत पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखे वास देते, हाताला गार लागते आणि त्यात गवताच्या काड्या ओळखू येत नाहीत. शेणाचा किंवा अमोनियाचा उग्र वास येत असेल, ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ते अजून कुजत आहे. असे खत कुंडीत गेले की मुळे भाजतात, हुमणीच्या अळ्या येतात आणि घरात चिलटे होतात ती वेगळीच. ते महिना-दीड महिना सावलीत, ओलसर गोणपाटाखाली ठेवून मगच वापरावे.

गच्चीवर वजन कमी ठेवायचे असेल तर उसाचे चिपाड हा मुंबईत पूर्वीपासून आजमावलेला पर्याय आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड, कंपोस्ट आणि अगदी थोडी माती वापरून पिशव्यांमध्ये आणि पिंपांमध्ये भाज्या-फळे घेण्याची पद्धत मुंबईत रुजवली. रसवंतीवर चिपाड मागितले तर सहज मिळते. त्याचे बोटभर तुकडे करावेत, दोन दिवस भिजवून गोडवा काढून टाकावा, नाहीतर मुंग्या लागतात, आणि बॅगेचा खालचा अर्धा भाग त्याने भरावा. ते हळूहळू कुजून खाली बसते, म्हणून दर दोन महिन्यांनी वरून मिश्रणाची भर घालावी लागते.

खत घरीही होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरची बाग स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या खतावरच उभी राहिली होती. झाकणाच्या, बाजूंना भोके असलेल्या बादलीत भाजीची देठे-साले आणि तितकाच वाळका पाला यांचे थर द्यावेत, आठवड्यातून एकदा ढवळावे. वाळका पाला कमी पडला की वास सुटतो; त्यावर उपाय औषधाचा नाही, आणखी पाला घालण्याचा आहे. शिजवलेले तेलकट अन्न आणि मासळीचे अवशेष गॅलरीतल्या बादलीत टाकू नयेत, उंदीर येतात. दोन ते तीन महिन्यांत खत तयार होते.

५. हंगाम आणि पहिल्या भाज्या

हवामान विभागाच्या सर्वसाधारण तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबई परिसरात ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत ठाणे परिसरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कित्येक दिवस ऊन दिसत नाही आणि कुंडीतली माती वाळत नाही. नवशिक्याने शक्य असेल तर सुरुवात ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. ऑक्टोबरची तापलेली दुपार थोडी सांभाळली की पुढे फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी, रात्री सौम्य आणि ऊन भरपूर असते. पालेभाज्या, टोमॅटो, वांगी, मिरची, मुळा, नवलकोल, पावटा हे सारे याच काळात साधते. मार्च ते मे या काळात भेंडी, गवार, चवळी, माठ आणि काकडी घ्यावी. पावसाळ्यात गच्चीवर काकडी, दोडका, पडवळ, कारली यांचे वेल आणि अळू चांगले येतात. मेथी-कोथिंबीर मात्र उघड्यावर कुजतात.

फ्लॉवर आणि कोबी पहिल्या वर्षी टाळावेत. जागा अडवतात, थंडी कमी पडली की गड्डा नीट धरत नाही आणि एका बॅगेतून एकदाच भाजी मिळते. त्याच बॅगेत मिरचीचे झाड महिनोन्महिने घराला पुरते. ढोबळी मिरचीचेही असेच. ती आपल्या उकाड्यात रुसते.

पहिल्या हंगामात चारच गोष्टी लावाव्यात, असे मला अनुभवाने वाटते: एका ट्रेमध्ये मेथी, दुसऱ्यात पालक किंवा लाल माठ, एका बॅगेत मिरची आणि, ऊन असेल तर, एका बॅगेत टोमॅटो. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि २५ ते ३० दिवसांत हाती येते. पहिल्या महिन्यात घरच्या मेथीचे पिठले ताटात आले की मिरचीची दोन-अडीच महिन्यांची वाट पाहण्याचे बळ येते. उरलेल्या दोन बॅगा रिकाम्या ठेवाव्यात. त्या पुढच्या टप्प्याच्या पेरणीला लागतात.

बियाणे कृषी सेवा केंद्रातून घ्यावे आणि पाकिटावरची चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उगवणीची टक्केवारी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. संकरित बियाण्याच्या फळातून पुढच्या वर्षासाठी धरलेले बी मूळ झाडासारखे निघत नाही; बी राखायचे असेल तर सुधारित सरळ वाण मागावेत. मिरचीत 'पुसा ज्वाला', टोमॅटोत 'पुसा रुबी', भेंडीत 'अर्का अनामिका' हे जुने, सहज मिळणारे वाण आहेत. आपल्या हवेसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली 'शीतल' काकडी आणि 'कोकण तारा' कारली आवर्जून शोधावीत. गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे बी दिसले तर त्यावर बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांपासून दूर ठेवावे आणि पेरल्यावर हात धुवावेत. मेथी आणि धणे स्वयंपाकघरातलेच चालतात, मात्र ते फार जुने नसावेत.

६. पेरणी आणि रोपे

कोथिंबीर उगवत नाही ही सर्वांत नेहमीची तक्रार असते. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात. धणे कापडावर पसरून चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलकेच रगडावेत. दाण्याच्या दोन फाळ्या सुट्या झाल्या पाहिजेत, भुगा होता कामा नये. या फाळ्या रात्रभर पाण्यात ठेवाव्यात, सकाळी निथळून अर्धा इंच खोल पेराव्यात आणि वरून ओले गोणपाट अंथरावे. आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून माती उकरून पाहण्याचा मोह टाळावा. पहिला हिरवा ठिपका दिसताच गोणपाट काढून टाकावे, नाहीतर कोंब पिवळे आणि लांबुडके होतात.

मेथी, पालक, माठ, मुळा आणि भेंडी जागेवरच पेरावी. मुळ्याचे रोप उपटून दुसरीकडे लावले तर मुळा फाटतो. टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपे आधी छोट्या कपात करून मग हलवावीत: टोमॅटो सुमारे २५ दिवसांनी, वांगी ३० ते ३५ आणि मिरची ३५ ते ४० दिवसांनी. हलवणे नेहमी संध्याकाळी करावे आणि पुढचे तीन-चार दिवस दुपारचे ऊन लागू देऊ नये. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून खोडासह खोल लावता येते, कारण पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. मिरची आणि वांगे मात्र कपात होते तितक्याच खोलीवर लावावे.

दाट उगवलेल्या ट्रेमध्ये विरळणी करायला नव्याने लावणाऱ्याचा हात धजत नाही. पण मुळ्याची रोपे दोन-तीन इंचांवर आणि भेंडी एका बॅगेत एक किंवा दोनच ठेवली नाहीत तर एकही धड वाढत नाही. काढलेली कोवळी रोपे आमटीत घालावीत. वाया काही जात नाही.

७. पाणी

पाणी घड्याळ पाहून देऊ नये, बोट घालून पाहून द्यावे. तर्जनी दोन पेरे मातीत खुपसावी: माती बोटाला चिकटली तर थांबावे, कोरडी लागली तर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्यावे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही आणि मुळांना हवा मिळते आहे, कुंडीत टिकवणे हेच पाण्याचे सारे कसब आहे. नवशिक्यांची रोपे पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. दुपारी मान टाकलेले रोप संध्याकाळी आपोआप सावरत असेल तर त्याला पाणी नको, सावली हवी असते. सकाळी, पानांवर न ओतता, बुंध्याशी पाणी द्यावे.

पाणीकपातीच्या दिवसासाठी झाकणाची एक बादली भरून ठेवावी. डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही चालते, पण मीठ घातलेले किंवा साबणाचे पाणी चालत नाही. मातीवर वाळक्या पाल्याचे दोन इंच आच्छादन घातले तर उन्हाळ्यात पाण्याची गरज चांगलीच कमी होते.

कुंडीखालच्या ताटल्या हा येथील सर्वांत गंभीर धोका आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. ताटल्या रोज रिकाम्या कराव्यात आणि आठवड्यातून एकदा घासाव्यात, कारण अंडी कडांना चिकटून राहतात. महापालिकेचे कर्मचारी घरोघर तपासणीला येतात तेव्हा कुंड्याच आधी पाहतात, आणि ते योग्यच आहे.

८. फुले आली, फळ का धरत नाही?

टोमॅटो, मिरची, वांगे यांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. वरच्या मजल्यावर मधमाश्या कमी येत असतील तर सकाळी फुलांचा घोस बोटाने हलकेच टिचकी मारून हलवावा. तीव्र उकाड्यात, दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की, टोमॅटोची फुले गळतात. त्यावर खत हा उपाय नाही.

वेलभाज्यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. सुरुवातीला फक्त नर फुले येतात आणि गळून पडतात, त्याने घाबरू नये. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवले फळ असते, नर फुलाचा देठ सरळ आणि बारीक असतो. काकडी, कारली आणि भोपळ्याची फुले सकाळी उमलतात. दोडक्याची मात्र संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास पिवळीधमक उघडतात आणि दुधीची पांढरी फुलेही संध्याकाळीच. त्या वेळी नुकतेच उमललेले नर फूल देठासह खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून मधला परागांचा भाग मोकळा करावा आणि मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवावा. बोटाला पिवळी पूड लागली तर पराग तयार आहेत असे समजावे. परागीभवन झाले असेल तर मागचे इवले फळ तीन-चार दिवसांत फुगू लागते. न झालेले पिवळे पडून गळते.

९. कीड, रोग आणि कबुतरे

आठवड्यातून दोनदा पाने उलटी करून पाहावीत. जवळजवळ सगळी कीड पानाच्या मागे सुरू होते. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण दिसताच आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावेत. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब घोटून, संध्याकाळी, पानांच्या मागील बाजूस फवारावे. आधी एका पानावर करून दुसऱ्या दिवशी पाहावे, मग साऱ्या झाडावर. आठवड्याने पुन्हा करावे. उन्हात फवारले तर पाने करपतात.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागली तर तो हळद्या रोग आहे. पांढरी माशी तो विषाणू पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाकावे. मिरचीची पाने आखडून वळणारा चुरडा-मुरडा रोग सुरुवातीला फुलकिडे आणि कोळी आवरल्याने सुधारू शकतो, पण सारे शेंडे आखडले असतील तर तेही झाड काढावे. पानांवर पांढरी भुकटी दिसणारा भुरी रोग कोरड्या हिवाळ्यात येतो; एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी सकाळी उन्हाच्या वेळी फवारल्यास तो आटोक्यात राहतो.

कबुतरांबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे: जाळीशिवाय आपल्याकडे पालेभाजी होत नाही. कबुतरे कोंब उपटतात, मोकळ्या मातीवर बसतात आणि त्यांची विष्ठा भाजीवर पडणे आरोग्याला घातक आहे. पेरणीच्या आधी जाळी लावावी, नंतर नव्हे.

१०. पावसाळ्याची तयारी मेमध्येच

मेच्या अखेरीस पन्हाळी आणि कुंड्यांच्या तळाची भोके मोकळी करावीत. पावसाळी मिश्रणात कोकोपीट अर्ध्यावर आणावे आणि त्याऐवजी जाड वाळू किंवा भाताचे तूस घालावे. मुरबाड-शहापूरकडे जाणे-येणे असेल तर भाताच्या गिरणीत तूस सहज मिळते. वेलांसाठी मांडव मजबूत बांधावा, बी पहिल्या पावसाच्या दहा-बारा दिवस आधी पेरावे, म्हणजे मुसळधार पाऊस लागेपर्यंत रोप धरते. मिरचीचे झाड छपराखाली हलवून एक तृतीयांश छाटावे. पावसानंतर ते पुन्हा फुटते. सततच्या पावसात खतातील सत्त्व वाहून जाते, म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बॅगेला मूठभर गांडूळखत द्यावे. अळूचा एकच कंद सावलीच्या कोपऱ्यात लावला तर श्रावणात वड्यांना पाने मिळतात. फक्त काळ्या देठाचे, वडीचे अळू मागून घ्यावे आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल विसरू नये, नाहीतर घसा खवखवतो.

११. काढणी आणि पुढची पेरणी

पालक आणि माठ मुळासकट उपटू नये. बाहेरची पाने खुडत राहिल्यास तीन-चार वेळा भाजी मिळते. भेंडी बोटभर असतानाच, एक दिवसाआड काढावी. दोन दिवसांत ती जून होते आणि झाडावर जून फळ राहिले की नवी फुले कमी येतात. हाच नियम काकडी, दोडका आणि गवारीला लागू आहे.

पहिला मेथीचा ट्रे उगवला की दहा दिवसांनी दुसरा पेरावा. एकदम सारे पेरले तर एका आठवड्यात भाजी उतू जाते आणि पुढचे तीन आठवडे काहीच नसते. ट्रे रिकामा झाल्यावर माती फेकून देऊ नये: मुळे काढून, दोन दिवस उन्हात पसरून, चौथा भाग नवे खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून त्यात वेगळ्या कुळातील भाजी घ्यावी. टोमॅटोच्या मातीत लगेच वांगे किंवा मिरची लावू नये, कारण तिघांनाही मर रोग होतो आणि त्याचे जंतू मातीत राहतात. तेथे चवळी किंवा गवार पेरावी. सरळ वाणाचे सर्वांत निरोगी झाड निवडून त्यावरचे एक फळ पूर्ण पिकू द्यावे, बी सावलीत वाळवावे आणि कागदाच्या पुडीत भरून त्यावर वाणाचे नाव, महिना आणि ते झाड ज्या जागी वाढले त्या जागेचे उन्हाचे तास लिहून ठेवावेत.